नकाशावरचं दुसरं स्मशान

"मी प्लॅनर होते" असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "लग्नांच्या का?" आमच्या दादरच्या इमारतीतल्या एका शेजारणीने तर मुलीच्या साखरपुड्यासाठी माझ्याकडे हॉलची चौकशी केली होती. मी तिला सांगितलं, की बाई, मी गावांचे आराखडे करते. तिचा चेहरा पडला.

काम सांगायला सोपं आहे. एक गाव घ्यायचं, त्याच्या आजूबाजूच्या वाड्या घ्यायच्या. वीस वर्षांनी तिथे कोण राहत असेल, त्यांना उन्हाळ्यात पाणी कुठून मिळेल, मुलं कुठल्या वाटेने शाळेत जातील, नवी घरं कुठे बांधली तर भातशेती वाचेल, हे सगळं आज कागदावर मांडायचं. मग ते ग्रामसभेसमोर ठेवायचं. सभेने मान्य केलं की त्यावर शिक्का बसतो आणि पुढचं काम त्या नकाशाप्रमाणे व्हावं अशी अपेक्षा असते. 'अपेक्षा' हा शब्द मी जपून वापरतेय.

यातली गंमत अशी, की मला स्वतःला गावच नाही. आम्ही गिरगावातले, कित्येक पिढ्या मुंबईत. शाळेत मे महिन्यात सगळ्या मैत्रिणी 'गावाला' जायच्या आणि मी गॅलरीत उभी राहून त्यांचे होल्डॉल टॅक्सीत चढताना बघायचे. मोठेपणी मात्र मी परक्यांच्या गावांची वीस-वीस वर्षं ठरवत फिरले.

कोकणातल्या गावाचं काम असेल तर सुरुवात कोकणात होत नाही, ती परळ-लालबागला होते. प्रत्येक गावाचं मुंबईत एक मंडळ असतं. चाळीतली एखादी खोली, भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो, कपाटात इतिवृत्ताच्या वह्या. गावात देवळाला रंग कुठला द्यायचा हे या खोलीत ठरतं. एका मंडळाने माझ्याकडे हेलिपॅड मागितलं होतं. कशाला, विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, "वीस वर्षांनी लागलं तर? तेव्हा जागा कुठून आणणार?" त्यांच्या गावात एसटी दिवसातून एकदा यायची. असे नमुने पुष्कळ भेटले आणि मी हसत हसत निभावले. पण एका गावाने माझं हसू काढून घेतलं. तेच आज सांगायचं आहे.

त्या गावाला इथे नांदवली म्हणते. मंडळाची खोली काळाचौकीला, एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर. अध्यक्ष दत्ताराम, सगळे त्यांना दत्ताकाका म्हणत. तरुणपणी गिरणीत होते, संपानंतर एका कुरियर कंपनीत लागले, निवृत्त झाल्यावर पूर्ण वेळ मंडळाचे. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं आणि बोलण्यात इतका गोडवा, की पहिल्या भेटीतच मला वाटलं, गाव असावं तर असं आणि अध्यक्ष असावा तर असा.

"मॅडम, आमची सात वाड्यांची नांदवली," त्यांनी यादी पुढे केली. "आमचं वय झालं. आमच्यामागे पोरांना गाव सोडावंसं वाटू नये, असं कायतरी करा."

एक माणूस टेबलावर उभा राहून पंख्याची वायर जोडत होता. काका म्हणाले, "हा वसंत. आमच्या गावचाच. इथल्या गणपतीची सगळी लायटिंग याच्याकडे. हात लावला की बल्ब पेटलाच पाहिजे." वसंतदादा खाली बघून हसले. पन्नाशीचे, सडसडीत. त्याच चाळीत काकांच्या राहत्या खोलीपासून तीन दारं सोडून राहायचे. काकांच्या सुनेने आणलेल्या चहातला पहिला कप काकांनी स्वतः उचलून त्यांना दिला, हे मला स्पष्ट आठवतं.

मी निघाले तेव्हा वसंतदादा जिन्यापर्यंत आले. म्हणाले, "मॅडम, गावाला जाल तेव्हा वहाळ ओलांडून पलीकडे जा."

"पलीकडे काय आहे?"

"जाऊन बघा." आणि ते परत पंख्याकडे गेले.

जानेवारीत मी नांदवलीला गेले. आमच्या कामात एक पद्धत आहे. गावातल्या बायकांना देवळासमोरच्या अंगणात बोलवायचं, रांगोळीचे रंग द्यायचे आणि म्हणायचं, तुमचं गाव काढा. मोजणीच्या नकाशात सापडत नाही ते त्या रांगोळीत सापडतं. नांदवलीच्या बायकांनी तासाभरात फार सुंदर गाव काढलं. सात वाड्या, हिरवे मळे, डोंगराची वाट, विहिरी, आणि एका कडेला निळी रेघ. तो वहाळ, म्हणजे गावचा ओढा. रांगोळी त्या निळ्या रेघेशी थांबली.

"हिच्या पलीकडे काय?" मी विचारलं.

"पलीकडे काय नाय."

"काहीच नाही?"

"रान आहे," दुसरी म्हणाली. बाकीच्या बायका हात झटकायला लागल्या.

दुपारी मी एकटीच वहाळात उतरले. पाणी घोट्याएवढं होतं. चढ चढून वर आले आणि समोर बघून उभीच राहिले. तिथे रान नव्हतं. तिथे तीसेक घरं होती. सारवलेली अंगणं, निळ्या रंगाचं छोटं बुद्धविहार, दोरीवर वाळत घातलेले शाळेचे गणवेश. मोजायला फार वेळ लागावा असं काही नव्हतं. पण दोन महिने मी त्या गावाची लोकसंख्या, पाणी, विजेचे खांब यांची गणितं मांडत होते, आणि माझ्या एकाही कागदावर ही घरं नव्हती. मंडळाच्या यादीवर मी विश्वास ठेवला होता. माणसं इतकी गोड होती, की ती यादी पडताळून पाहायचं मला सुचलं नाही.

एका अंगणात चाळिशीची बाई मिरच्या वाळत घालत होती. मला बघून म्हणाली, "तुम्ही नकाशावाल्या ना? वसंतभावोजींचा फोन आला होता." ती सुमनताई, वसंतदादांची भावजय.

"ही कुठली वाडी?"

"बौद्धवाडी. का, तुमच्या कागदावर नाय?"

मी वहीत नाव लिहून घेतलं. तिने पाणी आणून दिलं. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, वीस वर्षांनी तुमच्या वाडीत काय असावं? ती म्हणाली, "वीस वर्षांचं मागनं बघू ताई. आधी पावसाचं बोला."

मग तिने सांगितलं. आदल्या पावसात तिचे सासरे, म्हणजे वसंतदादांचे वडील, वारले. वाडीची अंत्यविधीची जागा वहाळाच्या काठावर. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाते. वहाळाच्या अलीकडे, सात वाड्यांच्या बाजूला, टेकडीवर पंचायतीने बांधलेली सिमेंटची शेड आहे, वर पत्रा, लाकडं ठेवायला खोली.

"मग तिथे का नाही नेलं?"

"विचारलं ना. लांबच्या सडकेच्या पुलावरनं वळसा घालून नेलं असतं. म्हणाले, ती वाड्यांची हाय. वाड्या म्हणजे सात. आम्ही आठवे." ती अगदी सरळ आवाजात बोलत होती. "दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलो. पाऊस काय थांबेना. मग या बांधावर लाकडं रचली, चार पुरुषांनी चार कोपऱ्यांना पत्रा धरला, आणि त्याच्याखाली दिला अग्नी. पत्रा तापला तशी माणसं बदलत होती. भावोजी काय आपला कोपरा सोडीनात. हात सोलवटले त्यांचे."

माझ्या मांडीवर सर्वेक्षणाचा छापील फॉर्म होता. त्यात एक रकाना असतो : 'स्मशानभूमी : आहे / नाही'. मी पेन्सिल धरून बसले होते. कशावर खूण करायची ते मला कळेना. तीस वर्षांच्या नोकरीत मी तो फॉर्म शेकडो वेळा भरला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की तो प्रश्नच अपुरा आहे. आहे, पण कुणासाठी?

मुंबईला परतल्यावर मी आराखडा केला. आठ वाड्या दाखवल्या. वहाळावर पायपूल दाखवला. टेकडीवर एकच स्मशान आणि खाली ओळ लिहिली : 'सर्व वाड्यांसाठी सामाईक'. रविवारी सकाळी लालबागच्या एका हॉलमध्ये मंडळाची सभा होती. माईक आणि पडदा वसंतदादांनी लावून दिला. पाण्याच्या टाकीला टाळ्या पडल्या, शाळेच्या रस्त्याला टाळ्या पडल्या. मग आठ वाड्या आणि एकच स्मशान दाखवणारा नकाशा पडद्यावर आला आणि टाळ्या थांबल्या.

पहिल्यांदा कुणीतरी मागून ओरडलं, "हे कोणी सांगितलं तुम्हाला?" मग एकदम सगळेच बोलायला लागले. कोण म्हणत होतं टेकडी देवाची आहे, कोण म्हणत होतं पूर्वीपासूनचं आहे, एक जण म्हणाला, बाईमाणसाला स्मशानातलं काय कळतं.

मी म्हटलं, "अहो, इथे मुंबईत तुमच्यातलं कोणी गेलं तर भोईवाड्याच्या स्मशानात नेता ना? तिथे आधी कोणाला जाळलं हे विचारता का?"

दत्ताकाका उठले. आवाज तोच गोड. "मॅडम, मुंबईची गोष्ट वेगळी. इथं आम्ही पोट भरायला आलो. गाव ते गाव. तुम्हाला पुढच्या वीस वर्षांचं काम दिलंय. मागच्या दोनशे वर्षांत हात घालू नका."

तेवढ्यात माईकमधून आवाज आला, "काका."

वसंतदादा माईकच्या यंत्राजवळ उभे होते. तपासायला ठेवलेला दुसरा माईक त्यांच्या हातात होता.

"काका, माझा बाप गेला तेव्हा तुम्ही मला फोन केला होता. मंडपाच्या लायटिंगचं विचारायला. मी म्हटलं, वडील वारले. तुम्ही म्हणालात, वसंता, सावकाश ये, इथलं आम्ही बघतो. चांगलं बोललात. परत आलो तेव्हा माझ्या हातांना पट्ट्या होत्या. तुम्ही विचारलंत का, हाताला काय झालं?"

काका सावकाश खाली बसले.

"विचारलं नाहीत, कारण तुम्हाला माहीत होतं."

हॉलमध्ये दीडशे माणसं असतील. मंडळाचे सचिव उठले आणि म्हणाले, "आपण चहा घेऊया." आणि खरंच, लोक उठून चहा घ्यायला गेले. मी पडद्यापाशी उभी होते. ते रांगेत उभे राहून कप उचलताहेत, बिस्किटं घेताहेत, हे मी बघत राहिले. आरडाओरड्याचा मला धक्का बसला नाही. त्या चहाचा बसला.

तीन दिवसांनी दत्ताकाका दोघांना घेऊन दादरला माझ्या कार्यालयात आले. "बाकी सगळं मान्य. तेवढं एक काढा. नाहीतर आराखडा ग्रामसभेत जाणारच नाही. मग टाकी पण नाय, पूल पण नाय."

ते गेल्यावर मी नकाशा पुढे ओढला. माझं मन फार वेगाने हिशेब करत होतं. उन्हाळ्यात आठही वाड्यांच्या बायका डोक्यावर पाणी आणतात. पूल झाला तर पलीकडच्या मुली पावसाळ्यात शाळेत जातील. एका गोष्टीसाठी हे सगळं घालवायचं? आणि अडचण छपराची आहे ना, मग छप्पर देऊ. मी टेकडीवरच्या स्मशानाखालची 'सामाईक' ही ओळ खोडली आणि वहाळाच्या पलीकडे, उंचावर, दुसरं स्मशान काढलं. सूचीत लिहिलं : 'स्मशान १', 'स्मशान २'. अर्ध्या तासाचं काम. सुमनताईला फोन केला नाही. वसंतदादांना विचारलं नाही. उलट मार्ग काढला म्हणून मी स्वतःवर खूश होते. नंतर वसंतदादांना कळवलं, "तुमच्या वाडीला शेड मिळतेय." ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

ग्रामसभेने आराखडा एका बैठकीत मान्य केला. टाकी झाली नाही. पूल झाला नाही. शाळेचा रस्ता अर्ध्यात थांबला. माझ्या वीस वर्षांच्या आराखड्यातली एकच गोष्ट वर्षाच्या आत उभी राहिली, ती म्हणजे दुसरी शेड.

मी बघायला गेले. सुमनताई मला तिकडे घेऊन गेली. खांब मजबूत होते, पत्रा नवा होता. ती म्हणाली, "चांगली बांधलीय. पावसात आता हाल नाय व्हायचे." मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "एक सांगू ताई? आधी आम्ही म्हणायचो, आम्हाला टेकडीवर जायला बंदी कुठं लिहिलीय, कागद दाखवा. त्यांच्याकडे कागद नव्हता. आता हाय. सरपंचानं परवाच दाखवला, म्हणाला, एक नंबर आमचं, दोन नंबर तुमचं. शिक्का हाय त्याच्यावर. खाली तुमची सही."

मी त्या नव्या शेडच्या कट्ट्यावर बसले. जे पिढ्यानपिढ्या नुसतं तोंडी होतं, जे कोणीही कागदावर लिहायला धजलं नसतं, ते मी सुवाच्य अक्षरात, प्रमाणात, उत्तर दिशेचा बाण दाखवून काढून दिलं होतं. सुमनताई माझ्यावर रागावलेली नव्हती. तिने मला घरी नेऊन भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली.

त्यानंतर दोन वर्षांनी मी निवृत्त झाले. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता दत्ताकाकांचा फोन आला, "मॅडम, येऊन जाल का?" मी काळाचौकीला गेले. काका खूप वाळलेले दिसले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

त्यांची आई गेली होती. नव्वदीच्या पुढे, गावच्या घरी. त्या आठवड्यात दरड कोसळून टेकडीची वाट बंद झाली होती. काका पोहोचले तेव्हा पाऊस धो धो पडत होता.

"सुमन आली होती, सडकेच्या पुलावरनं वळसा घालून," काका म्हणाले. "आमच्या अंगणाच्या कडेला भिजत उभी राहिली. म्हणाली, आमची शेड मोकळी आहे, सुकी लाकडं आहेत, आजींना आणा. भाऊबंद म्हणाले, नाय. आईला मासळीवाल्याकडचा बर्फ आणून त्याच्यावर ठेवली. दीड दिवस. खोलीत मासळीचा वास. वाट मोकळी झाल्यावर नेली."

"तुम्ही काय म्हणालात?"

ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "घरात मोठा मी. मी हो म्हटलं असतं तर कुणाची टाप नव्हती अडवायची. मी गप्प बसलो."

मला वाटलं ते रडतील. ते रडले नाहीत. त्यांनी विचारलं, "मान्य झालेल्या नकाशात बदल होतो का?"

होतो. ग्रामसभेत अर्ज द्यायचा, ठराव मांडायचा, बहुमत मिळवायचं. मी कार्यपद्धती सांगितली. काकांनी खिशातलं पेन काढून तिथल्या तिथे अर्ज लिहिला, की दोन्ही स्मशानं सर्व वाड्यांसाठी सामाईक करावीत. मग वसंतदादांना हाक मारली आणि अर्ज वाचून दाखवला. म्हणाले, "वसंता, माझ्याबरोबर सभेला चल."

वसंतदादांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. "काका, तुमच्या मनाला आता टोचलं म्हणून मी गाडीत बसू?"

"नको बसूस," काका म्हणाले. "तुझं खरं आहे."

वसंतदादा निघून गेले. सभेच्या आदल्या दिवशी मात्र ते गाडीला आले. "येतो. पण बोलणार नाही," ते म्हणाले. "बोलायचं तुम्ही. यावेळी पूर्ण."

मीही गेले. पहिल्या सभेत सरपंचांनी विषय पुढे ढकलला. दुसऱ्या सभेत काकांच्या सख्ख्या भावाने त्यांना "मुंबईला बसून गाव बाटवतोस" म्हणून सगळ्यांसमोर सुनावलं. तिसऱ्या सभेला सुमनताई वाडीतल्या सगळ्या बायकांना घेऊन आली आणि त्या पहिल्या रांगेत बसल्या. त्या दिवशी ठराव झाला. सात वाड्यांतले हात थोडेच वर झाले, पण झाले. त्यात दोन अशा बायका होत्या, ज्यांनी मला 'पलीकडे रान आहे' सांगितलं होतं.

सुधारित नकाशा मीच काढला, निवृत्त असूनही. 'सर्व वाड्यांसाठी सामाईक' हे शब्द या वेळी दोन्ही स्मशानांखाली लिहिले.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्या उन्हाळ्यात बौद्धवाडीतले एक वृद्ध गृहस्थ वारले. कोरडे दिवस होते, त्यांची स्वतःची शेड जवळ होती. तरी वाडीने त्यांना मुद्दाम वहाळ ओलांडून टेकडीवर नेलं. कोणी अडवलं नाही. सात वाड्यांतून कोणी आलंही नाही. दारं बंद होती. एकटे दत्ताकाका योगायोगाने गावात होते, ते सगळ्यांच्या मागून चालत गेले. त्यांचे भाऊ आजही त्यांच्याशी बोलत नाहीत.

दिवाळी अंकासाठी हे लिहायचं ठरवलं तेव्हा मी काळाचौकीला जाऊन दोघांची परवानगी मागितली. काका म्हणाले, "नावं बदला. पण मी गप्प बसलो ते गाळू नका."

वसंतदादांनी माझा पहिला खर्डा घरी नेला. चार दिवसांनी परत दिला. समासात एकाच जागी पेन्सिलीची खूण होती. तिथे मी लिहिलं होतं, 'पुढे काही कारणांमुळे नकाशात दुसरे स्मशान दाखवावे लागले.'

"ही काही कारणं कोण?" त्यांनी विचारलं.

मी कागद घेऊन घरी आले आणि तो भाग पुन्हा लिहिला.